बंगळुरूहून पुणे एका दिवसात? एकट्याच्या सफरीतले शेवटचे साडेआठशे किलोमीटर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही उत्तर समजेल. पुण्याहून एकटेच निघालात, किनाऱ्याकिनाऱ्याने कन्याकुमारी गाठलीत, मदुराई-सेलम करत आज शनिवारी संध्याकाळी बंगळुरूत पोचलात. मोटरसायकल साडेतीनशे सीसीची. उद्या पहाटे निघून रात्रीपर्यंत पुणे गाठायचा विचार आहे, कारण सोमवारी ऑफिस. चेन मधूनमधून 'कट-कट' वाजते, ती पुण्यात गेल्यावर बघू असं ठरवलंय. उजव्या हाताची करंगळी बधीर होते. घरून आईचे सारखे फोन येतायत. आणि शेवटच्या ओळीत लिहिलंय, 'एकदाचं घरी पोचावंसं वाटतंय आणि संपूही नये असंही वाटतंय.'

उत्तर सरळ देतो. उद्या एका दिवसात पुणे गाठू नका. सोमवारची रजा टाका, आणि तो मेसेज साहेबांना आत्ताच पाठवा. उद्या सकाळी पाठवू म्हणालात तर पाठवणार नाही, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलंय.

आता कारण. बंगळुरू-पुणे अंतर साधारण 840 किलोमीटर. महामार्ग 48 चांगला आहे, त्यामुळे कागदावर हे जमण्यासारखं दिसतं, आणि जमतंही. खाली कुणीतरी लिहीलच की 'मी तर बारा तासांत केलंय'. केलं असेल. चोवीस तासांत हजार मैल, म्हणजे 1,600 किलोमीटरच्या वर, चालवून 'सॅडलसोर'चं प्रमाणपत्र मिळवणारेही आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण ते लोक घरून ताजेतवाने निघतात, गाडी आदल्या आठवड्यात सर्व्हिसिंगहून आलेली असते आणि अख्खा दिवस त्या एकाच कामासाठी राखून ठेवलेला असतो. तुम्ही लॉजच्या गाद्यांवर अर्धवट झोपून, रोज पाणी कमी पिऊन, दक्षिणेतल्या उन्हातून येताय. हा थकवा एका रात्रीत उतरत नाही, आणि वाईट म्हणजे तो जाणवतही नाही, कारण शरीराला त्याची सवय झालेली असते.

वेळेचा हिशेब मांडून बघा. पहाटे साडेपाचला निघालात, चहा-नाश्ता-पेट्रोल धरून तासाला पंचावन्नची सरासरी पडली (साडेतीनशेच्या गाडीवर सामानासकट याहून जास्त धरू नका), तर दावणगेरे दहाच्या सुमारास, हुबळी साडेबारा-एकला, बेळगाव तीनच्या आगेमागे, कोल्हापूर पाचला. जानेवारीत आपल्याकडे सव्वासहा-साडेसहाला सूर्य मावळतो. म्हणजे कऱ्हाडच्या अलीकडेपलीकडे अंधार पडणार, आणि पुढचा साताऱ्याचा, खंबाटकीचा आणि कात्रजचा पट्टा तुम्ही अंधारात, बारा तास गाडीवर बसल्यानंतर करणार. सगळ्या रस्त्यातला सगळ्यात अवघड भाग दिवसाच्या सगळ्यात वाईट वेळी येतो. माझा आक्षेप किलोमीटरच्या आकड्याला नाही, या गणिताला आहे.

अवघड का, तर सध्या उसाचा हंगाम आहे. निपाणी-कागलपासून कऱ्हाडच्या पुढेपर्यंत कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर बाहेर आलेला ऊस. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला. वेग जेमतेम वीस-पंचवीस. तुम्ही ऐंशीने येताय, म्हणजे सेकंदाला बावीस मीटर. समोरच्या गाडीच्या हेडलाइटने डोळे दिपलेले असताना ती ट्रॉली तुम्हाला दिसणार कधी? ड्रायव्हरने गाणी इतक्या जोरात लावलेली असतात की हॉर्न त्याला ऐकू येत नाही, आणि मागची ट्रॉली डावी-उजवी डोलत असते, त्यामुळे नुसतं 'कडेने निघून जाऊ' म्हणून चालत नाही. रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्या कारला जाणवतही नाहीत, पण मोटरसायकलच्या पुढच्या चाकाखाली आडवी कांडी आली की ती गोल फिरते. त्यात कागल ते सातारा सहापदरीकरणाची कामं रेंगाळलेली आहेत. जाताना पाहिलेला वळणरस्ता येताना तिथेच असेल, असं धरून चालू नका.

म्हणून माझा आराखडा असा. उद्या साडेपाचला निघा. नेलमंगला-तुमकूरचा पट्टा रहदारी वाढायच्या आत काढा. चित्रदुर्गच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत, तिथे आडवा वारा असतो. मागच्या सीटवर उंच बांधलेलं सामान असेल तर ट्रकच्या बाजूने पुढे निघताक्षणी एक झटका बसतो. खांदे सैल ठेवा, वेग थोडा उतरवा, इतकंच. दावणगेऱ्यात लोणी डोसा खा, पण एकच! दुसरा मागवलात की हावेरीच्या अलीकडे डोळे मिटायला लागतील. हुबळी-धारवाड बायपास हा वर्षानुवर्षं दुपदरी राहिलेला आणि त्यापायी बदनाम झालेला रस्ता. रुंदीकरणाचं काम चालू असेल तर तिथेही गर्दी तुंबते. तिथे ओव्हरटेक करायच्या भानगडीत पडू नका.

मुक्काम कुठे, हे हुबळीत ठरवा, पण कसोटी आत्ताच ठरवून ठेवा. दोनच्या आत हुबळी पार झालं आणि अंगात दम वाटला, तर बेळगाव. दोन वाजून गेले, तर हुबळी किंवा धारवाड. धारवाडला थांबलात तर घरच्यांसाठी पेढेही होतील. बेळगावच्या पुढे मात्र उद्या जायचं नाही. 'अजून उजेड आहे, कोल्हापूर काय, शंभर-सव्वाशेच किलोमीटर' हा विचार तिथे हमखास येणार. म्हणूनच नियम आज करायचा, तो मोडायची इच्छा होईल तेव्हा नाही. बेळगावहून परवा सात-साडेसातला उजाडल्यावर निघालात तर उरलेलं अंतर 340 किलोमीटर. साडेनऊच्या सुमाराला कोल्हापुरात मिसळ आणि दोन-तीनपर्यंत घर. तांबड्या-पांढऱ्यासाठी वेगळ्या वेळी या. ते जेवून गाडी चालवायची नसते, लोळायचं असतं.

आता चेन. ही गोष्ट पुण्यापर्यंत ढकलू नका. उद्या रविवार, वाटेतली बहुतेक गॅरेज बंद असणार. जे करायचं ते आज रात्रीच.

गाडी मधल्या स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा, इंजिन बंद. मागचं चाक हाताने हळूहळू फिरवा आणि खालच्या चेनला मध्यभागी बोटाने वर-खाली ढकलून बघा. बहुतेक गाड्यांना 25 ते 35 मिलिमीटर ढील चालते. नक्की आकडा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो. चाक फिरवताना ढील एका जागी जास्त आणि दुसऱ्या जागी कमी भरत असेल, तर चेन सगळीकडे सारखी ताणलेली नाही, काही कड्या आखडल्यात. तुमचं 'कट-कट' चाकाच्या गतीबरोबर ठरावीक अंतराने येतंय का, हे चालवताना ऐका. ठरावीक येत असेल तर आखडलेली कडी असण्याची शक्यता जास्त. नुसती खडखड असेल तर बहुधा ढिली झालेली चेन.

मग मागच्या स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्राच्या) अगदी पाठीमागच्या टोकाला चेन चिमटीत धरून मागे ओढा. दात अर्ध्याहून जास्त उघडा पडला तर ती चेन संपली. दातांचे आकार बघा. दोन्ही बाजूंनी सारखे डोंगरासारखे असतील तर ठीक, एका बाजूला कलून आकड्यासारखे झाले असतील तर नुसती चेन बदलूनही उपयोग नाही, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट असा पूर्ण सेट लागेल. सेट आज बदलून घ्या. जे. सी. रोडला सुट्या भागांची दुकानं आहेत, शनिवारी रात्री उशिरा पोचू नका म्हणजे झालं. चेनला लॉक (पत्तीने बंद होणारी जोडकडी) असेल तर त्याची पत्ती जागेवर आहे का आणि तिचं बंद टोक चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला आहे का, हे टॉर्च मारून बघा.

इतकं काटेकोर का? कारण चेन तुटली की ती नेहमी रस्त्यावर पडून मागे राहते असं नाही. कधीकधी पुढच्या स्प्रॉकेटशी गोळा होते, मागचं चाक जाम होतं, नशीब वाईट असेल तर इंजिनचं केसिंगही फुटतं. हे ऐंशीच्या वेगात, मागे ट्रक असताना व्हायला नको. चेन नुसती ढिली असेल तर ॲडजस्ट करून घ्या, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा, आणि फार ताणून घेऊ नका. सामानासकट तुम्ही बसलात की ती आणखी ताणली जाते. तेल चेन गरम असताना, म्हणजे मुक्कामी पोचल्यावर घाला, सकाळी निघताना नाही. रात्रभर ते आत मुरतं आणि सकाळी मागच्या टायरवर शिंतोडे उडत नाहीत.

गाडीपाशी बसलाच आहात तर टायरवरून हात फिरवा. सरळ महामार्गावर हजारो किलोमीटर चालल्यावर मागचा टायर मध्ये सपाट होतो. हाताला दोन्ही बाजूंना धार लागते. अशी गाडी वळणात आधी वळायला नको म्हणते आणि मग एकदम पडल्यासारखी आत येते. बदलायची गरज आहे असं नाही, घिसण्याची खूण अजून खोबणीत खाली असेल तर परवाचा दिवस निभेल. पण वंटमुरीच्या आणि तवंदीच्या घाटात गाडी वेगळी वागली तर दचकू नका. हवा सकाळी टायर थंड असताना तपासा. इंजिन ऑइल गाडी सरळ उभी करून काचेतून बघा. इतक्या पल्ल्यानंतर पातळी उतरलेली असते, आणि कमी तेलावर दिवसभर सलग चालवलं तर इंजिनला ते सोसत नाही. मागचा दिवा, ब्रेकचा दिवा आणि नंबरप्लेट पुसा. सामानाच्या दोऱ्यांची लोंबणारी टोकं कापून टाका किंवा आत खोचा. शेवटच्या दिवशी केळ्याच्या वेफर्सच्या आणि हलव्याच्या पिशव्या वाढतात आणि त्या हँडलला अडकवल्या जातात. तसं करू नका, हँडल वळताना अडतं.

हेल्मेटची काच हा वेगळाच विषय. दोन आठवड्यांचे किडे आणि तेलकट धूळ तिच्यावर बसलीय. दिवसा चालून जातं, पण तिन्हीसांजेला समोरून दिवे आले की काचभर चांदण्या पसरतात. कोरड्या फडक्याने घासू नका, ओरखडे पडतील. ओलं मऊ फडकं किंवा टिश्यू काचेवर दहा मिनिटं पसरून ठेवा, मग हलक्या हाताने पुसा. अंगाचा साधा साबण चालतो.

करंगळीबद्दल. हाताचा तळवा करंगळीच्या बाजूने ग्रिपवर सतत दाबला जातो, वर इंजिनची थरथर, आणि तिथून जाणारी नस त्रासते. तुम्ही दमला की पाठ वाकते आणि धडाचा भार हातांवर येतो, त्यामुळे दिवसाच्या शेवटी हे वाढतं. उपाय साधे आहेत. गुडघ्यांनी टाकी धरा म्हणजे भार मांड्यांवर जाईल, ग्रिप चिमणी धरल्यासारखी हलकी धरा, दर सव्वा-दीड तासाला उतरून पाच मिनिटं चाला, बोटं उघडझाप करा. पण ब्रेकचा लिव्हर दाबताना किती दाबतोय हे कळेनासं झालं, तर ते दुखणं राहिलेलं नाही, गाडी तिथेच थांबवायची. घरी गेल्यावर दोन आठवड्यांत बरं वाटलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

झोपेचंही तसंच. जांभया, मागच्या दोन-तीन किलोमीटरवर काय दिसलं ते न आठवणं, वेग आपोआप कमी-जास्त होणं, ही चिन्हं आली की तोंडावर पाणी मारून आणि हेल्मेटमध्ये गाणी म्हणून भागत नाही. पेट्रोल पंपावर गाडी लावा, चहा किंवा कॉफी घ्या आणि लगेच वीस मिनिटं आडवे व्हा. उठेपर्यंत कॉफी कामाला लागलेली असते. दुपारी दोन ते चार हा धोक्याचा काळ, त्या वेळेला भरल्या पोटी गाडीवर असू नका.

आता घरच्या फोनचं. आईचं काही चुकत नाही, पण दर अर्ध्या तासाला 'कुठपर्यंत आलास?' विचारलं की उत्तर देणाऱ्याच्या हातून ॲक्सिलरेटरची मूठ आपोआप पिळली जाते. म्हणून दोन गोष्टी करा. लोकेशन शेअर करून ठेवा, आणि पोचायची वेळ खऱ्या अंदाजापेक्षा तीन तास उशिराची सांगा. सोमवारी दुपारी तीनची अपेक्षा असेल तर 'संध्याकाळी सहापर्यंत येतो' म्हणा. ताट मांडून कुणी वाट बघत नाही, आणि तुम्ही तीनला पोचलात तर लवकर आलात. हेल्मेटमधला ब्लूटूथ शेवटच्या दिवशी फोनसाठी बंद ठेवा, फक्त रस्ता सांगायला चालू.

घराकडे तोंड वळलेल्या बैलाला चाबूक लागत नाही म्हणतात, तसं परतीच्या माणसाचं होतं. एम.एच. 09 च्या पाट्या सुरू झाल्या की वेग पाचाने वाढतो, कऱ्हाडच्या 50 दिसल्या की आणखी, मग साताऱ्याच्या 11, आणि शिरवळपाशी नीरा ओलांडून 12 दिसायला लागल्या की माणूस गाडीवर नसतोच, मनाने घरी अंघोळ करत असतो. अनोळखी तामिळ गावात तुम्ही प्रत्येक फाट्यावर मान वळवून बघत होतात. इथे 'हा रस्ता पाठ आहे' म्हणून बघत नाही. गटांच्या सफरी नेताना मी म्हणूनच शेवटच्या दिवशी आघाडीला सगळ्यात संथ गाडी ठेवतो. तरुण मंडळी कुरकुरतात, मी ऐकत नाही.

या पाठ रस्त्यावर तीन ठिकाणं लक्षात ठेवा. पहिलं खंबाटकी. साताऱ्याकडून येणारी वाहतूक बोगद्यातून येते आणि बाहेर पडल्यावर उतारावर ते 'एस' वळण लागतं, जिथे कितीतरी अपघात झालेत. नव्या बोगद्यांच्या कामामुळे वाहतूक वळवली असेल तर फलकांप्रमाणे जा, पण बोगद्यात शिरण्याआधीच गॉगल काढा आणि बाहेर पडताना मागे ट्रक किती जवळ आहे ते आरशात बघा.

दुसरं खेड-शिवापूरचा परिसर, जिथे सर्व्हिस रस्त्यावरून उलट्या दिशेने दुचाक्या येतात. हळू चालवा, एवढंच.

तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार. घर दहा-पंधरा किलोमीटरवर असतं आणि रस्ता मात्र सगळ्या सफरीतला सगळ्यात वाईट. सलग लांब उतार, डिझेल वाचवायला ट्रकवाले न्यूट्रल करून सोडतात, ब्रेक तापून निकामी होतात, आणि खाली पुलापाशी शहराच्या वाहतुकीची रांग उभी असते. भरधाव कंटेनर त्या रांगेत घुसल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. मोटरसायकलवाल्याने करायचं काय? बोगद्यातून बाहेर पडताच एक गिअर खाली, ब्रेकवर कमी आणि इंजिनवर जास्त भिस्त, फलकावरची वेगमर्यादा पाळायची. पुढे रांग दिसली तर मधोमध कुणाच्या मागे चिकटून थांबायचं नाही. डावीकडे निसटायला जागा राहील असं, पहिल्या गिअरमध्ये, आरशावर नजर ठेवून थांबायचं. मागे दोन-तीन गाड्या येऊन उभ्या राहिल्या की मग न्यूट्रल करून क्लच सोडा आणि हात मोकळा करा. तुमचं घर कात्रज-बिबवेवाडी-धनकवडीच्या बाजूला असेल तर सरळ शिंदेवाडीहून जुन्या कात्रज घाटाने या. वळणं आहेत, वेळ थोडा जास्त लागतो, पण तिथे तुमच्या पाठीवर चाळीस टनांचा कंटेनर नसतो. दिवसाउजेडी तो घाट छान आहे. तुम्ही दुपारी पोचणार आहात, म्हणून सुचवतोय. रात्री सुचवला नसता.

राहता राहिली ती शेवटची ओळ. पोचावंसंही वाटणं आणि संपू नये असंही वाटणं, हे एकट्याने दूर गेलेल्या जवळजवळ सगळ्यांना होतं, त्यात काही बिघडलेलं नाही. फक्त त्यापायी दोन वेड्या गोष्टी होतात. एक, 'आता संपतच आलंय' म्हणून रात्र काढून घर गाठणं, तीवर वर बोललो. दुसरी, 'एवढ्यात कशाला संपवायचं' म्हणून परवा साताऱ्यातून अचानक कासकडे किंवा वाईतून पाचगणीकडे गाडी वळवणं. दमलेल्या हातांनी, सामान लादलेल्या गाडीवर, न ठरवलेला घाट करू नका. तेवढी हौस बेळगावच्या मुक्कामी भागवा. सामान खोलीत टाका, मोकळी गाडी घेऊन गावात कुंदा खाऊन या, लवकर झोपा.

सोमवारी घरी पोचल्यावर गाडी लगेच धुवायला काढू नका, तुम्हीही ऑफिसचे मेल उघडू नका. मंगळवारी ऑफिसला बसने किंवा रिक्षाने जा. त्याच आठवड्यात ऑइल आणि फिल्टर बदला, ब्रेक पॅड काढून जाडी बघा, मागच्या चाकाचं बेअरिंग हलवून बघा, आणि आज चेनचा सेट बदलला असेल तर तोही पुन्हा एकदा ताणून घ्या, कारण नवी चेन सुरुवातीला थोडी सैलावतेच.